वेब प्रोग्रॅमिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम: फी भरण्यापूर्वी



बारावीचे निकाल लागले की मंडळाच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. कधी आई-बाबा तो घेऊन येतात, कधी आजोबा. हातात रंगीत माहितीपत्रक असते, त्यावर ‘सहा महिन्यांत फुल स्टॅक डेव्हलपर’ असे ठळक छापलेले असते आणि विचारणा एकच असते: “हा कोर्स चांगला आहे का हो? याचे सर्टिफिकेट चालते का?” इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची संकुले उभी राहिल्यापासून ही विचारणा वाढली आहे. आपल्या अनेक घरांतली मुले शिकून पुण्या-मुंबईला गेली आणि तिकडचीच झाली. धाकट्याने तरी इथे राहून काम करावे, असे घरच्यांना वाटते आणि त्यात गैर काहीच नाही.

या प्रश्नाला आम्ही एकदा चुकीचे उत्तर दिले आहे. म्हणून हा लेख.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका क्लासशी बोलून आम्ही मंडळाच्या मुलांसाठी फीमध्ये सवलत मिळवली. फलकावर सूचना लावली, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही सांगितले. आठ मुले दाखल झाली. पहिले दोन-तीन महिने ठीक गेले. मग शिकवणारे सर दुसरीकडे गेले आणि वर्गात ध्वनिचित्रफिती लावल्या जाऊ लागल्या. शेवटच्या महिन्यात ‘प्रोजेक्ट’ म्हणून सगळ्यांना एकच तयार ऑनलाइन दुकान देण्यात आले. नाव आणि रंग बदलायचा, झाला प्रोजेक्ट.

शेवटी आठही जणांना सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यांतल्या एका मुलाने कॉलेजच्या परीक्षेमुळे दुसऱ्याच महिन्यात क्लास सोडला होता. त्यालाही मिळाले. त्याची आई ते घेऊन कार्यालयात आली आणि म्हणाली, “तो गेलाच नाही, मग हे कशाचे?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आणखी एका घरी क्लास संपल्यावरही सात महिने हप्ते जात राहिले, कारण ज्याला ते फीचे हप्ते समजत होते ते प्रत्यक्षात वडिलांच्या नावावर काढलेले कर्ज होते.

त्या काकूंचा प्रश्न आम्ही तेव्हापासून मनाशी धरून ठेवला आहे. कुठलेही प्रमाणपत्र समोर आले की आम्ही तोच विचारतो: हे कशाचे? मुलाने काय केले म्हणून हे मिळाले?

वेब प्रोग्रॅमिंग म्हणजे काय

घरातल्या मोठ्यांना हे कळले की माहितीपत्रक वाचणे सोपे जाते, म्हणून आधी थोडक्यात सांगतो.

समजा, गणेशोत्सवातल्या स्पर्धांसाठी आपण मोबाईलवर नाव नोंदवता. आपल्या मोबाईलमधला ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे मागणी पाठवतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर फॉर्मचे पान पाठवतो, आपण ते भरता, माहिती परत सर्व्हरकडे जाते आणि तिथल्या डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदवहीत, साठवली जाते.

यातला जो भाग आपल्या डोळ्यांसमोर असतो त्याला फ्रंट एंड म्हणतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. एचटीएमएल पानाची रचना सांगते: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही नावाची चौकट. सीएसएस पानाचे रूप ठरवते: रंग, अंतर, अक्षरांचा आकार, मोबाईलवर कसे दिसावे. जावास्क्रिप्ट पानाला हालचाल देते: वय भरायचे राहिले तर तिथल्या तिथे सांगते. सर्व्हरवरचा भाग म्हणजे बॅक एंड. तो पायथन, पीएचपी, जावा अशा एखाद्या भाषेत लिहितात आणि डेटाबेसशी बोलण्यासाठी बहुधा एसक्यूएल वापरतात. दोन्ही बाजू येणारा तो ‘फुल स्टॅक’.

यांतल्या पायाच्या गोष्टी बऱ्याच टिकाऊ आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि एचटीएमएल त्यानंतर लवकरच आले. जावास्क्रिप्ट १९९५ चे, सीएसएसची पहिली शिफारस १९९६ ची. त्यांत सुधारणा होत गेल्या, पण तेव्हा शिकलेले आजही कामी येते. त्यावर उभारलेल्या तयार चौकटी, म्हणजे फ्रेमवर्क, मात्र येतात आणि जातात. अँग्युलरजेएस ही चौकट एके काळी सगळ्या माहितीपत्रकांवर असे. गूगलने २०२१ च्या अखेरीस तिचा आधार थांबवला. ज्यांना जावास्क्रिप्ट नीट येत होते ते नव्या चौकटीकडे वळले. ज्यांनी फक्त चौकटच पाठ केली होती त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून अभ्यासक्रमाच्या यादीत नवीन नावे किती आहेत ते मोजू नका. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एक सर्व्हरची भाषा आणि डेटाबेस यांना किती तास दिले आहेत ते पाहा.

तासांचा हिशेब

आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास, तीन महिने, असा क्लास सर्रास असतो. तेरा आठवडे धरले तर हे ७८ तास झाले. याच्या शेजारी सी-डॅकचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ठेवून पाहा. तो सुमारे सहा महिने पूर्णवेळ चालतो आणि साधारण ९०० तासांचा असतो. दोन्हींच्या जाहिरातीत ‘वेब प्रोग्रॅमिंग’ हेच शब्द असतील, पण त्यांचा अर्थ एक नाही.

७८ तास वाया जातात असे आमचे म्हणणे नाही. तेवढ्यात एचटीएमएल-सीएसएसची चांगली ओळख होते आणि मुलाला हे आवडते की नाही ते कळते. फक्त त्यासाठी किती पैसे द्यावेत आणि पुढे कशाची आशा धरावी, हे आधी ठरलेले असावे.

कोणकोणते मार्ग आहेत

आमच्या पाहण्यातले मार्ग खाली देत आहोत. फी आणि नियम बदलत असतात, म्हणून भरण्यापूर्वी त्या त्या संस्थेच्या सूचना स्वतः वाचाव्यात.

दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात संगणक चालवण्याबरोबर वेब पाने आणि जावास्क्रिप्टची सुरुवात होते. सरकारी आयटीआयची फी कमी असते आणि परीक्षा देशपातळीवरची असते.

नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘ओ लेव्हल’ साधारण एक वर्षाचा आहे. त्यात वेब डिझायनिंगचा आणि पायथनचा स्वतंत्र पेपर आहे. काही सरकारी भरत्यांमध्ये ओ लेव्हल पात्रता म्हणून धरतात. सरकारी नोकरीकडे डोळे असलेल्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा.

अभियांत्रिकीची पदवी किंवा संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी झालेल्यांसाठी वर सांगितलेला सी-डॅकचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा असते, फी लाखाच्या आसपास जाते आणि अभ्यास खरोखर कस काढणारा आहे.

बारावीनंतर पदवीबरोबर काही करायचे असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम पाहावा. त्यातून टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येते. प्रोग्रॅमिंगच्या पदविकेत विद्यार्थ्याला स्वतः वेब ॲप तयार करून त्यावर तोंडी परीक्षा द्यावी लागते. शिकणे घरून, पण लेखी परीक्षा केंद्रावर जाऊन.

स्वयम् या सरकारी मंचावरचे एनपीटेलचे अभ्यासक्रम शिकायला विनामूल्य आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जावे लागते. अंतिम गुणांत दर आठवड्याच्या स्वाध्यायाचा वाटा २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेचा ७५ टक्के असतो.

हार्वर्ड विद्यापीठाचा ‘सीएस५०’ मालिकेतला पायथन आणि जावास्क्रिप्ट वापरून वेब प्रोग्रॅमिंग शिकवणारा अभ्यासक्रमही विनामूल्य करता येतो. त्यात एक विश्वकोशासारखे संकेतस्थळ, एक लिलावाचे, एक ईमेलचे, एक समाजमाध्यमाचे आणि शेवटी स्वतःच्या कल्पनेचे एक, असे प्रकल्प करावे लागतात. केलेले काम चालवून त्याची चित्रफीत पाठवावी लागते. इंग्रजी व्याख्याने समजली पाहिजेत आणि प्रोग्रॅमिंगची थोडी तयारी आधी हवी.

इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम आहे. दहा-बारा मिनिटांचे छोटे पाठ आणि अनेक विषयांवर मराठीतही निवेदन. पाठ थांबवत थांबवत शेजारच्या खिडकीत स्वतः करत जायचे, अशी त्याची पद्धत आहे. आपल्याकडची मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यामुळे मराठी निवेदन पहिल्यांदा परके वाटते. पण घरच्या भाषेत एकदा कळलेली गोष्ट पक्की बसते, असा अनुभव दोन-तीन घरांनी सांगितला.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. विद्यार्थ्याने काहीतरी करून दाखवल्याशिवाय किंवा परीक्षा दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. त्या आईच्या प्रश्नाला इथे उत्तर आहे.

सभासद यादीची गोष्ट

आमच्या त्या आठ मुलांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. तिघांनी हार मानली नाही. त्यांनी विनामूल्य पाठांवरून पुन्हा सुरुवात केली आणि सरावासाठी आमच्याकडे काम मागितले. आम्ही त्यांना मंडळाची सभासद यादी दिली. तोपर्यंत ती वहीत होती.

पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. नावाच्या चौकटीला त्यांनी २५ अक्षरांची मर्यादा ठेवली होती. ‘श्रीकृष्ण विश्वनाथ कुलकर्णी’ हे नाव लिहायला घेतले आणि चौकट ‘कुलकर्’ वर थांबली. डोळ्यांना तर अकराच अक्षरे दिसतात! पण यंत्र तसे मोजत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजन, प्रत्येक काना-वेलांटी आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलन्त वेगळा मोजला जातो. ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि वेलांटी, असे चार. सगळे नाव दोन रिकाम्या जागांसह २७ भरते.

ते दुरुस्त झाले आणि यादी अकारविल्हे लावली. आमच्या ग्रंथालयाचे काम वर्षानुवर्षे पाहणाऱ्या काकांनी ती चाळली आणि म्हणाले, “काळे हे कावळ्यांच्या आधी कसे आले?” मुलांना चूक दिसेना. काकांनी समजावले: मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, म्हणून कानडे, कावळे, काशीकर आणि मग काळे. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ हा ‘ल’ च्या पाठोपाठ आहे. सांकेतिक क्रमांकांप्रमाणे लावले की काळे पुढे सरकतात. यासाठी भाषेप्रमाणे क्रम लावण्याची वेगळी सोय वापरावी लागते, हे मुलांनी शोधून काढले. पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये लिहायचे असते, हेही त्याच वेळी कळले. ते लिहिले की काही फॉण्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दिसतात.

हे त्यांच्या सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्रात कुठेच नव्हते. इंग्रजीतले तयार दुकान रंगवताना हा प्रश्न येणारच नव्हता. खऱ्या माणसांची खरी नावे समोर आली तेव्हा तो आला.

त्या तिघांतली एक मुलगी आज इंदूरमध्येच एका छोट्या कंपनीत काम करते. मुलाखतीत तिला प्रमाणपत्राविषयी विचारले नाही, “तुम्ही स्वतः काय बनवले आहे?” असे विचारले. तिने यादी दाखवली आणि ‘ळ’ ची गोष्ट सांगितली. दुसरा अजून शिकतो आहे. तिसऱ्याला यात मन रमत नाही असे लक्षात आले आणि तो सीएच्या अभ्यासाकडे वळला. त्याचे काही वाया गेले असे आम्ही मानत नाही, कारण दुसऱ्या खेपेस त्याने एक पैसाही भरला नव्हता.

“आता संगणकच प्रोग्रॅम लिहून देतो, मग शिकायचे कशाला?” असेही पालक विचारतात. लिहून देतो हे खरे आहे. पण काळे-कावळे चुकले आहेत हे कुणाला तरी दिसावे लागते, आणि कुठे बदलायचे ते वाचता यावे लागते. त्यामुळे पायाचा अभ्यास सुटत नाही. उलट वाचून तपासण्याची सवय जास्त लागते.

फी भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

क्लास कोणताही असो, पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे शक्यतो लेखी घ्यावीत.

१. एकूण तास किती, आणि त्यांतले समोर शिक्षक असलेले किती?

२. शिक्षक मध्येच बदलले किंवा वर्ग ध्वनिचित्रफितींवर गेला तर फीचे काय?

३. प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रकल्प वेगळा असतो का? मागच्या तुकडीतल्या तिघांचे प्रकल्प दाखवता का? तिन्ही सारखेच दिसले तर समजून घ्यावे.

४. हजेरी किंवा परीक्षा यांत कमी पडलेल्यांना प्रमाणपत्र नाकारता का? जी संस्था कुणालाच नाकारत नाही तिच्या कागदाला बाहेर वजन नसते.

५. हप्ते संस्था घेते की कर्ज देणारी कंपनी? करार कुणाच्या नावावर आहे? कर्ज असेल तर क्लास सोडल्यावरही ते फेडावे लागते, आणि हप्ते थकले तर ज्यांच्या नावावर कर्ज आहे त्यांची पत खराब होते. पुढे घराचे कर्ज काढताना ते नडते.

६. ‘प्लेसमेंट’ म्हणजे नोकरी की नोकरी शोधायला मदत? जाहिरातीत मोठ्या अक्षरांत शंभर टक्के असते आणि पुढे बारीक अक्षरांत ‘असिस्टन्स’ असते. त्या दोन शब्दांत फार अंतर आहे.

आणि एक प्रश्न मुलाला विचारावा, तोही फीच्या आधी: दोन आठवडे विनामूल्य पाठ पाहून स्वतःचे एक पान तयार करशील का? विषय घरचाच असू द्यावा. आजीच्या हातच्या पाककृती, किंवा आपले घराणे इंदुरात कधी आणि कुठून आले त्याची हकिकत, मराठीत. दोन आठवड्यांनी पान तयार असेल, मोडकेतोडके का होईना, तर पुढे पैसे घालायला हरकत नाही. तयार नसेल तर रागावू नये. दोन आठवडेच गेले, जमा केलेली ठेव शाबूत आहे.

मंडळाकडून

त्या वेळी सवलतीची सूचना लावण्यापूर्वी यांतला एकही प्रश्न आम्ही त्या क्लासला विचारला नव्हता. त्या आठ परिवारांची आम्ही तेव्हाच क्षमा मागितली. इथे पुन्हा मागतो. यापुढे मंडळ कोणत्याही खासगी क्लासची शिफारस करणार नाही आणि सवलतीच्या सूचना फलकावर लावणार नाही.

त्याऐवजी दर रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या खोलीत या क्षेत्रात काम करणारे आपले दोन सभासद बसतात. माहितीपत्रक आणि कराराचा कागद घेऊन या, ते आपल्याबरोबर बसून वाचतील. मुलाने काही बनवले असेल तर तेही दाखवायला आणा. खोलीत दोन संगणक आहेत. ज्यांच्या घरी नाही त्या मुलांनी ते वापरावेत. सरावासाठी कामही आहे: ग्रंथालयाची पुस्तकसूची अजून वहीतच आहे, आणि काका ती तपासायला तयार बसले आहेत.

एकच विनंती. सही आणि फी या दोन्हींच्या आधी या.